केसभर खाली

मी पियानो लावतो. म्हणजे त्याच्या तारा सुरात आणतो. हे फोड करून सांगावं लागतं, कारण लग्नाच्या वेळी "मुलगा पियानो लावतो" हे ऐकून आमच्या सासूबाईंनी "कुठे? भिंतीला?" असं विचारलं होतं. तीस वर्षं हेच काम केलं. या कामात पाप एकच असतं, ते म्हणजे मुद्दाम चुकीचं लावणं. ते मी केलं आणि घरातच केलं.

आमची ही गाते. शहरातल्या मोठ्या गायकवृंदात ती बावीस वर्षं वरच्या सुरांच्या ओळीत उभी राहते. साठ जणांत एकाचाही आवाज वेगळा ऐकू येऊ नये, हीच तिथली कला, असं ती सांगते. मला तिचा येतो. घरी ती मला "अरे" म्हणते, चारचौघांत "अहो" म्हणते, आणि रागावली की नुसतं "ऐका" म्हणते. "ऐका" आलं की मी हातातलं काम खाली ठेवतो.

गेल्या वर्षी तिचा आवाज उशिरा उठायला लागला. ती सहाला उठायची, आवाज अकराला. तोवर ती चहा मागायची तरी दारावर कुणी जाडजूड माणूस आलाय असं वाटायचं. मग खाकरणं सुरू झालं. दर दोन मिनिटांनी ख्हं-ख्हं. कान हीच माझी भाकरी असल्यामुळे मला ऐकू न येण्याची सोय नाही. पेपर वाचता वाचता मी मोजायला लागलो. तासाला सव्वीस. पाहुणे असले तर अठरा.

"घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय," ती म्हणायची.

"काय अडकलंय?"

"ते कळलं असतं तर काढलं नसतं का?"

एरवी मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण वृंदाचा एक नियम आहे. पन्नाशी उलटली की दर पाच वर्षांनी कसोटी द्यायची. बंद खोली, तीन परीक्षक, एक पियानो आणि वरच्या ओळीवाल्यांसाठी ठरलेलं एक गाणं. त्या गाण्यात शेवटाकडे आवाज अगदी टिपेला जातो आणि तिथे चार मात्रा उभा राहतो. तो सूर लागला तर ओळ तुमची. नाही लागला तर मधल्या ओळीत जागा बघायची, आणि मधली ओळ तर गच्च भरलेली. म्हणजे सरळ घर. आमची ही बावन्नची होती आणि कसोटीला दहा आठवडे उरले होते.

"डॉक्टरला दाखव," मी म्हटलं.

"म्हणजे उद्या साऱ्या वृंदात बोभाटा! तिथल्या भिंतींना कान आहेत."

तेही सुरेल कान.

मग घरगुती उपाय सुरू झाले. आमच्याकडे या खात्याच्या मंत्री सासूबाई. वय ऐंशी, एका कानाने कमी ऐकू येतं आणि दुसऱ्याने त्यांना ऐकायचं नसतं. त्यांनी लिंबू, आलं आणि मधाचा काढा सुरू केला, सकाळ-संध्याकाळ एकेक पेला, आणि लिंबूही असं पिळायच्या की जणू मागच्या जन्मीचं वैर होतं. शिवाय हिच्या पर्समध्ये पुदिन्याच्या गोळ्या. ती जवळून गेली तरी दात घासल्यासारखं वाटायचं.

जेवणाचं वेळापत्रक तर पहिल्यापासूनच उलटं. भरल्या पोटी गाता येत नाही, हा गाणाऱ्यांचा धर्म. म्हणून तालमीआधी फक्त काळी कॉफी. तालमीहून घरी आली की साडेदहाला सगळं एकदम, तळलेले बटाटे, टोमॅटोचं सूप, वर चॉकलेटचा तुकडा, आणि अकराला पाठ गादीला. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं, त्यामुळे त्यात काही चुकत असेल असं आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

सगळ्यात कहर म्हणजे आवाजाला विश्रांती म्हणून ती कुजबुजायला लागली. कुजबूज सांसर्गिक असते. दोन दिवसांत मीही कुजबुजायला लागलो, फोनवरसुद्धा. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर आमचे नुसतेच हलणारे ओठ बघून सासूबाईंनी चमचा खाली ठेवला आणि मोठ्याने विचारलं, "गेलं कोण?"

आठवडाभर हा प्रकार चालला. मग एका दुपारी ती पुढच्या खोलीत कसोटीचं गाणं घेऊन पियानोशी बसली. मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होतो. टिपेचा सूर आला तशी ती तिथवर पोचली, पण तिथे आवाजच नव्हता, नुसता वारा होता. पुन्हा एकदा. पुन्हा वारा. तिसऱ्यांदा काहीतरी लागलं आणि फाटलं. मग पियानोचं झाकण बंद झाल्याचं ऐकू आलं. मी गेलो तर ती झाकणावर दोन्ही हात ठेवून बसली होती.

"गेला रे," ती म्हणाली. कुजबुजून नाही, होता नव्हता त्या आवाजात.

मला फार वाईट वाटलं. अशा वेळी नवरे पाठीवर हात ठेवतात, चांगलं काहीतरी बोलतात. मला बोलता येत नाही. मला एकच काम येतं, ते मी दुसऱ्या दिवशी केलं.

ती दिवसभराच्या तालमीला गेली, सासूबाई दुपारी आडव्या झाल्या, आणि मी पाना घेऊन पियानो उघडला. त्यात सव्वादोनशे तारा असतात. शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये जेवढं अंतर असतं, त्याच्या पावभर मी एकूण एक तार खाली घेतली. पाठीचा कणा मोडला. पुढच्या आठवड्यात पुन्हा पावभर. आता तुम्ही म्हणाल, गाणाऱ्या बाईला कळलं कसं नाही? सगळ्या तारा सारख्याच उतरल्या की पियानो बेसूर वाटत नाही. सगळ्या गावातली घड्याळं एकदम पाच मिनिटं मागे केली तर गावात कुणालाच उशीर होत नाही. फक्त शेजारच्या गावी जायचं नाही.

दुसऱ्यांदा उतरवला त्या संध्याकाळी तिने भीतभीत गाणं काढलं, आणि टिपेचा सूर लागला. जरा खरखरीत, पण लागला. ती धावत स्वयंपाकघरात आली आणि माझे दोन्ही गाल धरून ओरडली, "लागला! अरे, लागला!" त्या संध्याकाळी मला तळलेले बटाटे जास्तीचे मिळाले. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. माझ्या मनात त्या दिवशी भर दुपार होती. तरी मी बटाटे खाल्ले.

श्रेय कुणाला मिळालं? लिंबाला. सासूबाईंनी मान ताठ केली आणि दोन पेल्यांचे चार केले. पुदिन्याच्या गोळ्या पुडीतून डब्यात आल्या. डॉक्टरचं नाव मी काढलं तर ती म्हणाली, "आता कशाला? उतार पडलाय की." उतार पडला होता हे खरं. कुठे, ते मला एकट्याला माहीत होतं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. माझ्यामुळे ती दुप्पट जोमाने चुकीची औषधं घेत होती, खाकरणं तासाला पस्तिसावर गेलं होतं आणि कसोटी तीन आठवड्यांवर आली होती. खरं सांगायचं मी रोज सकाळी ठरवायचो आणि चहाबरोबर गिळायचो.

वृंदाच्या हॉलमधला पियानोही मीच लावतो. एके दिवशी ती घरी येऊन म्हणाली, "अरे, तुझा हॉलचा पियानो चढलाय."

"हवामान," मी म्हटलं. माझ्या धंद्यात उत्तर नसलं की आम्ही हवामान म्हणतो.

"घरी तो सूर मला रोज लागतो आणि तिथे आवाज जातच नाही. तुझा कान म्हातारा झाला की काय?"

दोन दिवसांनी वृंदाच्या मास्तरांचा फोन आला. उंच, किडकिडीत, कधीही आवाज न चढवणारा माणूस. "जरा येऊन जा," ते म्हणाले. "पियानोबद्दल तक्रार आहे. तुमच्याच घरातून."

मी गेलो. साठ माणसं ओळींत उभी. ही वरच्या ओळीतून दोन पावलं पुढे आली आणि मला बघून तिचा चेहरा उजळला. तो चेहरा मी विसरणार नाही.

"अहो, तुम्हीच सांगा यांना," ती म्हणाली. मग सगळ्यांकडे वळून, "यांचा कान खोटं बोलत नाही."

मी पिशवीतून नादकाटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि त्याचं बूड पियानोच्या लाकडाला टेकवलं. लाकूड गुणगुणलं. मी पट्टी दाबली. दोन्ही सूर एकमेकांत असे मिसळले की मध्ये काही उरलंच नाही. पियानो जिथे हवा तिथे होता. हे ओळखायला तिथे माझी गरज नव्हती. साठही जणांना कान होते. सगळे हिच्याकडे बघायला लागले.

"हवामान" एवढंच म्हटलं असतं तरी वेळ निभावली असती. पियानो थोडा उतरवून देतो म्हटलं असतं तरी मास्तर सभ्यपणे गप्प बसले असते. पण मग ती तीन आठवड्यांनी त्या बंद खोलीत उभी राहिली असती, आणि सूर लागतोच अशा खात्रीने तिने तोंड उघडलं असतं. त्या विचाराने माझी पाचावर धारण बसली.

"हा बरोबर आहे," मी म्हटलं. "घरचा खाली आहे. मी उतरवलाय. दोनदा."

आधी कुणाला काही कळलंच नाही. मग खालच्या सुरांच्या ओळीतून पुरुषांचं हसू फुटलं आणि ते सगळ्या हॉलभर झालं. "बायकोसाठी पियानो उतरवला!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या. एक बाई म्हणाली, "माझ्याही घरी येऊन जा हो." मास्तरांनीसुद्धा रुमाल तोंडाला लावला. ही हसली नाही. तिने कागद गोळा केले, पर्स उचलली आणि माझ्यासमोर येऊन म्हणाली, "ऐका."

एवढंच. निघून गेली. मी मागोमाग.

दोन चौक ती माझ्या पुढे चालत राहिली. औषधांच्या दुकानापाशी थांबली.

"किती?"

"शेजारची पट्टी जेवढी खाली, त्याच्या निम्मा."

"म्हणजे तो सूर मला एकदाही लागला नव्हता."

"नाही."

"आणि मला कळलं नाही." ती रस्त्याकडे बघत होती. "बावीस वर्षं गातेय मी. मला कळलं नाही!"

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी समजत होतो की मी फक्त पियानो खाली आणला. तिचा स्वतःच्या कानावरचा भरवसाही मी त्याच पान्याने खाली आणला होता, आणि तो वर घ्यायला माझ्याकडे पाना नव्हता. मी "चुकलो" म्हटलं. ती म्हणाली, "ते कळतंय."

दुसऱ्याच दिवशी तिने डॉक्टरची वेळ घेतली. "तुम्हीही चला," मला म्हणाली. "काय झाकून ठेवलं होतंत ते डोळ्यांनी बघा."

घशाच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि स्वभावाने शांत होत्या. त्यांनी हिला गायच्या सवयी विचारल्या, जेवायच्या वेळा विचारल्या. कंबरेला गच्च आवळणारा वृंदाचा पोशाख कितीदा घालता, तेही विचारलं.

"दिवसातून किती वेळा खाकरता?"

"कधीतरी," ही म्हणाली.

"तासाला पस्तीस," मी म्हटलं. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

मग त्यांनी नाकातून एक बारीक नळी आत घातली आणि भिंतीवरच्या पडद्यावर आमच्या हिचा कंठ दिसायला लागला. तीस वर्षं मी ज्या आवाजाबरोबर राहतो, तो कुठून येतो ते मी पहिल्यांदा पाहिलं. दोन लहानशा फिक्या घड्या, उघडत होत्या, मिटत होत्या. त्यांच्या मागचा भाग मात्र लालभडक आणि सुजलेला.

"पोटातलं आम्ल वर येतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पण माझ्या छातीत कधी जळजळत नाही," ही म्हणाली.

"अनेकांना जळजळत नाही. ते गाजावाजा न करता इथपर्यंत येतं. उशिरा, भरपेट जेवून लगेच आडवं झालं की त्याला रस्ता मोकळाच. तुम्हाला घशात अडकल्यासारखं वाटतं ते ही सूज. तुम्ही ती काढायला खाकरता, दोन्ही घड्या एकमेकींवर आपटतात, सूज वाढते, तुम्ही आणखी खाकरता."

"मी तर किती जपते! लिंबू घेते, पुदिन्याच्या गोळ्या घेते, कुजबुजते."

डॉक्टरीणबाईंनी लेखणी खाली ठेवली. लिंबू बंद, त्या म्हणाल्या, पुदिना बंद, कॉफी आणि चॉकलेट तूर्त बंद. कुजबुजणं तर आधी बंद, त्याने घशाला ताणच पडतो; बोलायचं तर हळू पण नेहमीच्या आवाजात, नाहीतर गप्प. जेवण झोपायच्या तीन तास आधी. पलंगाची उशाकडची बाजू वीतभर उंच. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घ्यायचा आणि गिळायचं. काही आठवडे औषध, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा बघू, कारण प्रत्येक बसलेला आवाज आम्लानेच बसतो असं नाही.

"तीन आठवड्यांत बरं होईल?"

"दोन-तीन महिने धरा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही पियानोचं काय केलंत म्हणाल्या या?"

मी सांगितलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

डॉक्टरांच्या दाखल्यावर कसोटी एकदाच तीन महिने पुढे ढकलता येते. तिने ती ढकलली आणि महिनाभर वृंदातून रजा घेतली. बोभाटा झालाच होता, तेव्हा आता लपवायला काही उरलं नव्हतं.

घर बदललं. सासूबाईंना लिंबू बंद झाल्याचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "जावईबापू, चार बुकं शिकली म्हणून त्या पोरीला लिंबाचं काय कळणार?" आणि दोन दिवस रुसून बसल्या. पण रात्रीचं जेवण संध्याकाळी सातला व्हायला लागलं ते त्यांच्या पथ्यावर पडलं, आणि रुसवा गेला. पलंगाच्या उशाच्या पायांखाली मी लाकडी ठोकळे घातले. घसरगुंडीच झाली. झोपताना आम्ही उशाशी असायचो आणि सकाळी दोघंही पायथ्याशी गोळा झालेले. ती रागावलेली होती खरी, पण उतारापुढे कुणाचं चालत नाही.

बोलत ती कमीच होती. त्यातलं डॉक्टरांच्या सांगण्यावरून किती आणि माझ्यावरच्या रागामुळे किती, हे कळायला मार्ग नव्हता. मी विचारलंही. "हे कुठलं गप्प बसणं आहे?" तिने पाण्याचा घोट घेतला आणि गिळला.

मग घरचा पियानो वर घ्यायची वेळ आली. मी पिशवी उचलली. "ऐका," ती म्हणाली. "मी दुसऱ्यांना बोलावलंय."

माझ्या घरात, माझ्या देखत, दुसरा पियानो लावणारा! आला तोही माझ्याच वयाचा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. मी त्याला चहा केला. दुसरं काय करणार? त्याने दोन-चार पट्ट्या दाबल्या, तारा चाचपल्या आणि म्हणाला, "हा आपोआप नाही उतरलेला. कुणीतरी उतरवलाय. पण कामात काय सफाई आहे हो! एक तार इकडची तिकडे नाही." मला लाजही वाटली आणि बरंही वाटलं. हिने माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या ओठांचा एक कोपरा किंचित हलला. महिन्याभरात तेवढंच.

सहा आठवड्यांनी पडद्यावर लाली ओसरलेली दिसली. आवाज सकाळी नवाला उठायला लागला, मग आठला. ती रोज थोडंथोडं गायची, खालून सुरुवात करून, कुठेही न रेटता. टिपेच्या सुराला तिने शेवटच्या पंधरवड्यापर्यंत हातच लावला नाही. लावला तेव्हा तो कधी लागायचा, कधी नाही. मी दुसऱ्या खोलीत बसून ऐकायचो, पण कसा लागला हे तिने मला एकदाही विचारलं नाही. आधी रोज विचारायची. तीस वर्षं विचारत आली होती. आता ती माझ्याकडे न बघता पट्टी दाबायची, पुन्हा गायची, पुन्हा पट्टी दाबायची, आणि तरी तिची खात्री पटायची नाही.

कसोटी दुपारी चारला होती. त्या खोलीतला पियानो मास्तरांनी आधीच दुसऱ्याकडून लावून घेतला. मी बाहेरच्या बाकावर बसलो. दार लाकडी, पातळ. सगळं ऐकू येत होतं.

तिने गाणं छान उचललं. आवाज स्वच्छ होता. बऱ्याच वर्षांत एवढा स्वच्छ नव्हता. टिपेचा सूर आला आणि लागला. चार मात्रा उभा राहिला.

ती बाहेर आली. तिथली रीत अशी की परीक्षक पाच मिनिटं आपसांत बोलतात आणि तेवढ्या वेळात गाणाऱ्याने ठरवायचं. हवं तर दुसऱ्यांदा गाता येतं, पण मग पहिलं पुसलं जातं. दुसरं बिघडलं तर पहिल्याचं नाव काढायचं नाही.

ती माझ्यासमोर उभी राहिली. "कसा लागला?"

"सुंदर" हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. तिला तो हवा होता, मला तो द्यायचा होता, आणि पहिल्या गाण्यावर कदाचित निभावलंही असतं. तिचा चेहरा बघवत नव्हता.

"केसभर खाली," मी म्हटलं.

"केसभर म्हणजे?"

"तिघांतल्या एकाला कळलं असेल. बाकीच्या दोघांना तो सांगेल."

मला वाटलं ती आता खाली बसेल. तिने श्वास सोडला आणि तिचे खांदे सैल पडले.

"मलाही खालीच वाटला," ती म्हणाली. "पण मला वाटतंय ते खरं की नाही, हेच कळेना."

"खरं आहे."

"दुसऱ्यांदा गाऊ?"

"ते मला नको विचारू. घसा तुझा आहे."

तिने पाण्याचा एक घोट घेतला, डोळे मिटून गिळला, आणि दार ढकलून आत गेली.

पुन्हा तेच गाणं. या वेळी ती घाईत नव्हती. टिपेला पोचायच्या आधी तिने इतका निवांत श्वास घेतला की माझाच अडकला. मग सूर लागला. आवाज मोठा नव्हता. बावन्नाव्या वर्षीचा होता, कडेला थोडा पातळ, पण जिथे हवा तिथे, चारही मात्रा. मला रडू आलं. बाकावर बसून मी चांगला हमसून रडलो, आणि जिन्याने जाणारी दोन माणसं माझ्याकडे बघून पुढे गेली.

आत बोलणं झालं. दार उघडलं तेव्हा पुढे मास्तर होते. "वरची ओळ," ते मला म्हणाले, "आणखी पाच वर्षं." आणि पुन्हा आत गेले.

ती बाहेर आली, पर्स उचलली, पदर सारखा केला. मी डोळे पुसून उभा राहिलो. माझं उत्तर तयार होतं. या वेळी ते खरंही होतं आणि गोडही होतं, आणि असा योग माझ्या आयुष्यात फारसा आलेला नाही. ती जिन्याकडे निघाली.

"अगं," मी मागून म्हटलं, "कसा लागला, विचारणार नाहीस?"

"कशाला?" ती मागे न बघता म्हणाली. "मी ऐकला की."